मावशीच्या गालांवरचे दाणे

९ जानेवारी

प्रिय ताई,

'फोन करू नकोस, काही सांगायचं असेल तर लिही, लिहिलेलं तू निदान एकदा वाचून तरी बघतोस,' असं तू लग्नानंतर जाताना म्हणालीस. म्हणून लिहितो आहे. हे पहिलं वाक्य तीनदा वाचून बघितलं. त्यात भांडण होण्यासारखं काही सापडलं नाही.

दोघेही ठीक आहेत. टाकी तू सांगितलीस तशी खिडकीपासून लांब, पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवली आहे. भोपळ्या नेहमीसारखा केशरी आणि गोल. मावशी नेहमीसारखी पांढरीफेक, पाठीवर लाल शाल टाकल्यासारखा पट्टा, आणि टाकीच्या मधोमध उभी राहून घरात कोण आलं, कोण गेलं यावर नजर. तू या दोन गोल्डफिशांची नावं ठेवलीस तेव्हा मी हसलो होतो. आता मी नुसतं 'मासे' म्हटलं की आमची ही मला टोकते, 'नावं आहेत त्यांना.'

तुझं नवं घर लागलं की तू त्यांना घेऊन जाणार आहेस, हे माझ्या लक्षात आहे. तोवर ते माझ्याकडे ठेव म्हणून आहेत, आणि ती मी जशीच्या तशी परत करणार आहे.

सहज विचारतो. तू टाकीत मीठ घालायचीस ते खडेमीठच ना? आणि मासे दगडांना अंग घासतात ते खेळ म्हणून की दुसऱ्या कशामुळे? घाई नाही. पण जमलं तर लवकर कळव.

चष्मेवाल्यांना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ


१३ जानेवारी

प्रिय ताई,

मागच्या पत्रातलं 'दोघेही ठीक आहेत' हे वाक्य खरं नव्हतं. लिहिताना मी स्वतःला असं समजावलं होतं की ठीक म्हणजे जिवंत. पत्र पेटीत टाकून घरी पोचेपर्यंत तो युक्तिवाद टिकला नाही.

दोघांच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते. मीठ भुरभुरावं तसे, शेपटीवर, पाठीवर, सगळीकडे, कसलाही क्रम नसलेले. दोघं दगडांना अंग घासत होते. मला अंदाज होता, पण अंदाजावर औषध घालायचं नाही असं मी ठरवलं. बादलीत दोघांना घातलं आणि कॉलेजात नेलं. वनस्पतिशास्त्राचा मास्तर बादली घेऊन जिना चढतोय हे बघून पोरांनी काय काय नावं ठेवली ते इथे लिहीत नाही.

आमच्या प्राणिशास्त्राच्या बाईंनी ओल्या हातांनी मावशीला धरलं, मी काचेच्या कडेने तिच्या अंगावरचा चिकटा अगदी हलकेच घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ताई, इतका सुंदर शत्रू मी आजवर पाहिला नव्हता. एक गोल जीव, कडेने बारीक केसांची झालर, पोटात घोड्याच्या नालासारखं केंद्रक, आणि तो सावकाश, अगदी आरामात, स्वतःभोवती फिरत होता. मी बाईंना बघायला बोलावलं, बाईंनी शिपायाला बोलावलं. शिपाई म्हणाला, 'साहेब, हा तर खूश दिसतोय.'

हा रोग मुळात वाईट नाही, चिवट आहे. अंगावर असताना तो कातडीखाली लपलेला असतो आणि औषध त्याला शिवत नाही. तो गळून पाण्यात पडतो, तिथे फुटून त्याची पिल्लं पोहायला लागतात, तेव्हाच तो मरतो. म्हणून ठिपके गेले की थांबायचं नाही, पुढेही चालू ठेवायचं. मी हीटर लावून पाणी हळूहळू कोमट करतो आहे, मीठ घालतो आहे, आणि नळाचं पाणी बादल्यांत साठवून क्लोरीन उडाला की रोज थोडं बदलतो आहे. बाथरूममध्ये उभं राहायला जागा नाही. ही म्हणते, 'तुमच्या ताईंनी मासे ठेवले, पण आंघोळ कुणाकडे ठेवली?'

रोग आला तो हिने टाकी शोभावी म्हणून आणलेल्या वनस्पतीबरोबर. वनस्पती मी धुवून घ्यायला हवी होती. ही बिचारी दोन दिवस माशांची माफी मागत होती.

हे दोघं माझ्याकडे असताना जाता कामा नयेत. आपल्यात सध्या बोलण्यासारखं एवढंच उरलंय, हे मला कळतं.

तुझा धाकटा भाऊ


३० जानेवारी

प्रिय ताई,

बरे झाले. यावेळी 'बरे' या शब्दाचा अर्थ बरे असाच आहे.

ठिपके गेले, घासणं थांबलं, खाणं वाढलं. मी पुन्हा चिकटा घेऊन बघितला, काही नाही. तरी औषध आणखी काही दिवस चालू ठेवलं. मग हीटर काढला, आणि आम्ही दोघांनी टाकीसमोर खुर्च्या टाकून नुसतं बघत जेवण केलं. हिने सबंध जेवणभर मला एकही टोमणा मारला नाही. इतकं शांत जेवण आमच्याकडे पूर्वी कधी झालं होतं ते आठवत नाही.

तुझं उत्तर आलं नाही, पण ते मी मागितलंही नव्हतं. म्हणजे मागितलं होतं, मिठाबद्दल.

चष्मेवाल्यांना सांग, चष्मा उत्तम आहे. सूक्ष्मदर्शकातून बघून डोळे वर केले की लांबचंही तितकंच स्वच्छ दिसतं. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण त्या चष्म्याचा विषय तुझ्यापुढे कसा काढायचा ते कळत नव्हतं. तुमच्या लग्नाआधी त्यांच्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून गेलो, डोळे तपासायला बसलो आणि तेवढ्यात माणूस कसा आहे ते तपासून आलो, याबद्दल तू जे बोललीस त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही. आणि मग तू ओळख करून द्यायला त्यांना घरी आणलंस, तेव्हा तोच चष्मा घालून मी दार उघडलं. ही अजून म्हणते, गुप्तहेर असावा तर असा.

तुझा धाकटा भाऊ


१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र लिहायचं टाळत होतो.

मावशीला पुन्हा पांढरे दाणे आले आहेत. यावेळी फक्त गालांवर, म्हणजे कल्ल्यांच्या झाकणांवर, आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर. ओळीत लावल्यासारखे, एकसारखे. चिकटा घेतला. काच स्वच्छ. पुन्हा घेतला. स्वच्छ. प्राणिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, 'सर, काही नाहीये.' मी म्हटलं, दिसलं नाही म्हणजे नाहीये असं नसतं. त्या म्हणाल्या, 'नाही, पण कधीकधी असतं.' यावर मी रात्रभर विचार केला आणि हीटर पुन्हा लावला.

बाईंनी दिलेल्या पुस्तकात असंही लिहिलंय की ऋतू आला की नराच्या गालांवर असे दाणे येतात आणि तो रोग नव्हे. मी तो परिच्छेद नीट वाचला आणि बाजूला ठेवला, कारण आपली मावशी आहे.

खरी काळजी भोपळ्याची आहे. त्याचं पोट फुगलं आहे, एका बाजूला जास्त. सुस्त झालाय, कोपऱ्यात राहतो. पोटात पाणी होण्याचा एक आजार असतो, त्यात शेवटी खवले उभे राहतात आणि मासा वरून पाइनच्या फळासारखा दिसतो. तिथवर गेलेला मासा सहसा वाचत नाही. मी सकाळ-संध्याकाळ त्याला वरून बघतो. खवले अजून बसलेले आहेत. आहेत असं मला वाटतं. एकदा हिला बघायला लावलं, ती म्हणाली, 'बसलेत.' मग म्हणाली, 'तुम्ही असं टक लावून बघत राहिलात तर माझेही उभे राहतील.'

त्यात मावशी त्याचा पिच्छा सोडेना. मागून येऊन पोटाला ढुशा, कोपऱ्यात दाबणं. आजारी माशाला धडधाकट मासे असं छळतात म्हणे. मला मावशीकडून ही अपेक्षा नव्हती. मी तिला वेगळ्या टबात ठेवलंय. आता ती टबात गोल गोल फिरते, आणि तो काचेला तोंड लावून बसतो.

पाणी रोज बदलतो आहे, पूर्वीपेक्षा जास्त, आणि ताजं गार पाणी ओतलं की तेवढ्यापुरता त्याला हुरूप येतो. मग पुन्हा कोपरा.

तुला अंधारात ठेवायचं नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. भोपळ्या जाईल अशी मला भीती वाटते. तुझ्या एकटेपणाच्या सगळ्या वर्षांत तो तुझ्या घरात होता. तुला त्याला बघायचं असेल, तर ये.

तुझा धाकटा भाऊ


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड आलं. 'औषधं पुरे. त्याला एकटा ठेवू नकोस, मावशीला परत त्याच्याजवळ सोड. आम्ही दोघं मंगळवारी येतो.' एवढंच, सहीसुद्धा नाही. पण तुझं अक्षर मी इतक्या महिन्यांनी बघितलं. हिने कार्ड कपाटाच्या काचेत खोचून ठेवलंय. मी ते जाता-येता वाचतो, पाठ असूनसुद्धा.

मावशीला परत सोडणं माझ्या मते चूक आहे. ती त्याला पुन्हा छळेल. पण तुझा मासा आहे, आणि एकटा जाण्यापेक्षा, असं तुला वाटत असेल, तर तुझं बरोबर. आज संध्याकाळी अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, त्याला शेवटचं स्वच्छ पाणी मिळावं म्हणून, आणि तिला सोडलं. दोघं समोरासमोर आले आणि थबकले. मग मी दिवा घालवला. मला बघवलं नाही.

तुझा धाकटा भाऊ


२१ फेब्रुवारी, सकाळ

ताई,

हे पत्र टाकायला नेलं तर ते तुला मिळेपर्यंत तू इथे असशील. तरी लिहितो आहे, कारण लिहिल्याशिवाय मला बसवत नाही. मी फोनच करणार होतो. हिने फोन काढून घेतला. 'नाही करायचा. मला त्यांचं तोंड बघायचंय.'

उजाडताना ही मला हलवून म्हणाली, 'अहो उठा, मावशी त्याला मारतेय.' मी धावलो. टाकीतलं पाणी उसळत होतं, काचेवर शिंतोडे. भोपळ्या वनस्पतीच्या झुपक्यात घुसत होता आणि मावशी त्याच्या मागे, अंगाला अंग लावून, जीव खाऊन ढकलत. मी जाळं घेतलं. हात पाण्यात घातला, आणि मनगटाला काहीतरी चिकटलं. मोहरीच्या दाण्याएवढं, मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं. एक नाही. झुपक्यावर, काचेवर, हीटरवर, जिकडेतिकडे.

मी तसाच हात पाण्यात घालून उभा राहिलो. ही म्हणाली, 'काय झालं? गेला?'

मी म्हटलं, 'अंडी आहेत.'

'कुणाची?'

मी पुस्तक आणायला वळलो, आणि परिच्छेद उघडायच्या आधीच सगळं कळलं. गालांवरचे दाणे. पहिल्या काडीवरची रांग. स्वच्छ काच. एका बाजूला जास्त फुगलेलं पोट. पाठलाग. मावशी नर आहे, ताई. भोपळ्या मादी आहे. तो, म्हणजे ती, मरत नव्हती. तिला दिवस गेले होते आणि मी तिच्या नवऱ्याला छळ करतो म्हणून टबात कोंडून ठेवलं होतं.

आणि अजून ऐक. पुस्तकात लिहिलंय, हे घडवून आणायचं असेल तर पाणी हळूहळू कोमट करावं, थोडे दिवस दोघांना वेगळं ठेवावं, मग भरपूर ताजं गार पाणी घालून एकत्र सोडावं. मी सगळं केलं. क्रमाने केलं. इतक्या काटेकोरपणे कुणी मुद्दामसुद्धा करत नसेल.

ही जमिनीवर बसून हसते आहे. मध्येच थांबते, 'मावशी' म्हणते, आणि पुन्हा सुरू होते.

आता मला झुपके काढून टबात ठेवायचे आहेत. कारण हे दोघं आपलीच अंडी खातात, आणि भोपळ्याने सुरुवातही केलेली आहे. भूक लागली असणार.


२६ मार्च

प्रिय ताई,

फोनवर आपण रोज बोलतो, आणि तरी तू म्हणालीस की त्या दिवसाचं सगळं लिहून पाठव, कारण हसण्याच्या भरात तुला निम्मं आठवत नाही. म्हणून हे सविस्तर.

तू दारातून थेट टाकीपाशी गेलीस, चपला न काढता. डोळे सुजलेले, गाडीत रडली असशील. भाऊजी मागे पिशवी धरून उभे. मी त्यांना बसा म्हणायला हवं होतं, पण ही माझा हात चिमटीत धरून तुझ्याकडे बघत होती.

तू वाकलीस. भोपळ्या तुझ्या बाजूच्या काचेशी आला, सडपातळ, तरतरीत. तू म्हणालीस, 'हा किती बारीक झालाय.'

ही म्हणाली, 'ताई, हा नाही. ही.'

तू वळून बघितलंस. मला वाटतं तुला तेव्हा वाटलं की काळजीने या दोघांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग ही तुला टबापाशी घेऊन गेली.

तू वाकून टबातली अंडी बघितलीस. मग म्हणालीस, 'आणि मावशी?'

'मावशी बाप झाल्या.'

तू तिथेच फरशीवर बसलीस. आधी मला वाटलं रडतेस. रडतही होतीस बहुतेक, पण बाकीचं सगळं हसणं होतं. 'नाव मीच ठेवलं,' एवढंच तुला बोलता येत होतं. 'इतकी वर्षं, रोज खायला घालत होते मी.'

भाऊजींनी खिशातून ते घड्याळवाल्यासारखं डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि टबावर वाकले. ते अंडं न अंडं बघत होते, दुकानात बघतात तसे, घाई न करता. मग हळूच म्हणाले, 'यांना डोळे आलेत.'

ही म्हणाली, 'असं मोठ्याने बोलू नका. हे लगेच औषध घालतील.'

मीही भिंगातून बघितलं. प्रत्येक स्वच्छ अंड्यात दोन काळे टिंब, आणि एकाने माझ्या देखत कूस बदलली. काही अंडी पांढरी पडून बुरशी धरली होती. ती मी चिमट्याने काढली, आणि भाऊजींनी कोणती ते दाखवलं. दोघांची डोकी टबावर एकमेकांना लागत होती.

पुढचं तुला आठवत असेल, पण मला लिहायचं आहे. जेवण झाल्यावर तू पुस्तक हातात घेतलंस, तो परिच्छेद वाचलास आणि विचारलंस, 'हे तू वाचलं होतंस?'

मी हो म्हटलं.

'मग?'

'तू मावशी म्हणाली होतीस.'

'मी म्हटलं म्हणून? काचेवर काही नाही, पुस्तकात लिहिलंय, बाई सांगतायत, आणि तू माझं धरून बसलास?'

मी पुन्हा हो म्हटलं. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पण तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस की मी भांडी उचलायला उठलो.

'माझ्या शब्दावर तुझा इतका विश्वास आहे,' तू म्हणालीस, 'मग लग्नाच्या वेळी काय झालं होतं?'

उत्तर भाऊजींनी दिलं, आंबा सोलावा तितक्या शांतपणे. 'तेव्हा यांचा चष्मा जुना होता.' आणि तू हसलीस. त्या हसण्यासाठी मी आणखी कितीही बादल्या उचलेन.

तू पिशवी आणली होतीस, ते जिवंत असले तर न्यायला. ती रिकामीच नेलीस. म्हणालीस, बाळंतीण आहे, आत्ता कुठे हलवता. मी सांगितलं की बाळंतीण आपल्याच पोरांना खाते आहे, तरी तू ऐकलं नाहीस. दोघं इथेच राहू देत असं तू म्हणालीस, आणि पोरं थोडी तुझी, थोडी माझी.

तर पोरांबद्दल. पहिले काही दिवस ती काचेला स्वल्पविरामासारखी चिकटून होती, मग एका सकाळी सगळी सुटली आणि पोहायला लागली. आता नखाएवढी झाली आहेत, मातकट रंगाची. केशरी व्हायला वेळ लागतो, काही कधीच होत नाहीत म्हणे. एकाची शेपूट जरा वाकडी आहे. मी त्याला काहीही केलेलं नाही. खातो, पळतो, इतरांच्या पुढे असतो.

शनिवारी सकाळच्या गाडीने तुझ्या वाट्याची पोरं घेऊन येतो आहे. ही पण येते आहे, प्रवासात मी पिशवी सारखी उघडून बघू नये म्हणून. जाड प्लॅस्टिकची पिशवी, एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, वरून ओलं फडकं. भाऊजींनी टाकीसाठी पाणी साठवून ठेवलं असेलच, पण पोरांना एकदम त्यात सोडायचं नाही, पिशवी आधी वर तरंगू द्यायची. स्टेशनवर यायची तसदी घेऊ नका. पत्ता पत्रांवर लिहून लिहून पाठ झालाय, आणि तू सांगितलंस तसा दुकानाच्या वरचा जिना मी शोधीन. मात्र माझे दोन्ही हात पिशवीला गुंतलेले असतील, बेल वाजवता येणार नाही. खालूनच हाक मारीन, शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्याने. तू ओ दे.

तुझा धाकटा भाऊ